हिशोब मागा, भिंतीवर चढू नका



‘सोशल मीडियाच्या काळात सार्वजनिक व्यक्तींचा खासगीपणाचा हक्क’ असा विषय मला दिला आहे. तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल, हा तर नट-नट्यांचा आणि क्रिकेटवाल्यांचा प्रश्न. भाड्याने घर बघायला गेलो की आधी आपलं नाव विचारलं जातं. त्या आपण कोहलीच्या खासगीपणाची काळजी कशाला करायची?

मला वाटतं, हा प्रश्न आपला जास्त आहे. आपल्या समाजातून सार्वजनिक जीवनात येणारी माणसं मोजकी. त्यात मुली आणखी मोजक्या. जे येतात त्यांच्या वाट्याला काय येतं, हे बाकीची मुलं मोबाईलवर रोज बघत असतात. आणि ते बघूनच ठरवतात, आपण पुढे यायचं की गप्प घरी बसायचं.

मी वकील नाही. इंजिनीअरिंगची पदवी घेतली आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. म्हणून सुरुवात माझ्या कामातल्या एका साध्या गोष्टीने करतो.

आम्ही अ‍ॅप लिहितो तेव्हा प्रत्येक फोटोला, प्रत्येक प्रोफाईलला एक खूण असते: पब्लिक किंवा प्रायव्हेट. यंत्राला हे दोनच कप्पे कळतात. पण माणूस दोन कप्प्यांत जगत नाही. डॉक्टरला सांगतो ते आपण शेजाऱ्याला सांगत नाही. बहिणीला सांगतो ते अब्बांना सांगत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये चारशे माणसांनी आपल्या बहिणीला नटलेली पाहिलं, म्हणून तिचा फोटो कुणी एस.टी. स्टँडवर चिकटवला तर आपल्याला चालेल का? फोटो काढणारा म्हणेल, ‘चारशे लोकांनी बघितलंच होतं की!’ त्याला आपण काय उत्तर देऊ? हेच, की तिने स्वतःला त्या चारशे लोकांसमोर आणलं होतं, स्टँडवरच्या गर्दीसमोर नाही.

खासगीपणा म्हणजे फक्त लपवलेली गोष्ट नव्हे. कोणती गोष्ट कुणासमोर आणायची हे ठरवण्याचा माझा अधिकार, म्हणजे खासगीपणा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या निकालातला एक मुद्दा आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे: माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही. तो हक्क जागेला चिकटलेला नाही, माणसाला चिकटलेला आहे.

आता ‘सार्वजनिक व्यक्ती’कडे येऊ.

ऑक्टोबर २०२२. टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी भारतीय संघ ऑस्ट्रेलियात होता. पर्थच्या हॉटेलात विराट कोहली खोलीत नसताना कुणीतरी आत शिरलं, त्याच्या कपड्यांचं, बुटांचं, सामानाचं चित्रीकरण केलं आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. हॉटेलने माफी मागितली, संबंधितांना कामावरून दूर केलं. कोहलीने स्वतः लिहिलं की हॉटेलच्या खोलीतही खासगीपणा मिळणार नसेल तर तो मागायचा कुठे? हे प्रकरण सोपं आहे. बंद दार होतं, कुणीतरी ते ओलांडलं. चूक कुणाची, यावर वाद होणार नाही.

अवघड प्रकरणं असतात ती दार नसलेल्या जागेतली. त्यातलं एक आपल्या अगदी जवळचं आहे.

मोहम्मद शमी. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकराच्या अकरा खेळाडू हरले होते, पण शिव्या पडल्या त्या शमीला. त्याचं नाव बघून त्याच्या देशावरच्या प्रेमाचा पुरावा मागितला गेला. कर्णधार कोहली पत्रकार परिषदेत त्याच्या बाजूने ठामपणे उभा राहिला. त्याबद्दल कोहलीची वर्षही न भरलेली मुलगी लोकांच्या तोंडी आली. तिच्यावर बलात्काराची धमकी देणारा मजकूर ट्विटरवर आला. त्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी हैदराबादच्या एका २३ वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरला अटक केली. पुढे तक्रारदाराच्या संमतीने मुंबई उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. खटल्याचं काय झालं हा भाग बाजूला ठेवा. मुद्दा असा, की बाप पत्रकार परिषदेत एक चांगलं वाक्य बोलला आणि त्याची किंमत पाळण्यातल्या पोरीकडे मागितली गेली.

हे ऐकताना आपल्याला राग येतो. यायलाच हवा. आता पुढचं ऐका.

४ मार्च २०२५. तेच दुबई. चॅम्पियन्स ट्रॉफीची उपांत्य फेरी, समोर ऑस्ट्रेलिया. रमजान चालू होता. सामन्यात सीमारेषेजवळ शमीने बाटलीतून काहीतरी प्यायलं आणि कॅमेऱ्याने ते टिपलं. झालं! फोटो फिरू लागला. बरेलीच्या एका मौलानांनी जाहीर सांगितलं की रोजा न ठेवून तो शरीयतच्या नजरेत गुन्हेगार ठरला. दुसऱ्या आलिमांनी आणि सामान्य मुसलमानांनी लगेच त्याची बाजू घेतली. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलायची सवलत आहे, याची आठवण करून दिली. पण तोवर तो फोटो कौमच्या ग्रुपांवरून हजारो घरांत पोचला होता. पुढे थोड्याच दिवसांत शमीच्या लहान मुलीचा होळी खेळतानाचा फोटो आला, आणि त्यावरही जाहीर टीका झाली.

२०२१ मध्ये एका गर्दीने त्याच्याकडे देशभक्तीचा पुरावा मागितला. २०२५ मध्ये दुसऱ्या गर्दीने ईमानचा पुरावा मागितला. पहिल्या गर्दीत आपण नव्हतो. दुसरीत कोण होतं?

शमीकडून आपल्याला हिशोब कशाचा मागता येईल? त्याने गोलंदाजी कशी केली याचा. त्या सामन्यात त्याने तीन बळी घेतले, ते कमी वाटले तर तसं म्हणा. त्याने सामना विकला असता, उत्तेजक औषध घेतलं असतं, तर जरूर विचारा. कारण देशाची जर्सी ही लोकांनी त्याच्याकडे दिलेली अमानत आहे. रोजा ही त्याची आणि अल्लाहची गोष्ट. त्यात प्रेक्षकाची पावती लागत नाही. मैदानात वीस कॅमेरे होते म्हणून रोजा सार्वजनिक होत नाही.

कुणी म्हणेल, शमी मोठा माणूस आहे, त्याचं काय बिघडलं? मग ज्यांचं बिघडलं त्यांच्याकडे येऊ.

जुलै २०२१ मध्ये गिटहब या संकेतस्थळावर ‘सुल्ली डील्स’ नावाचं एक अ‍ॅप दिसलं. ‘सुल्ली’ हा मुस्लिम बायकांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द. अ‍ॅप उघडलं की एका मुस्लिम स्त्रीचा फोटो यायचा आणि ‘आजची डील’ म्हणून तिचा ‘लिलाव’ मांडला जायचा. ऐंशीहून अधिक स्त्रियांचे फोटो त्यात होते. दिल्लीत गुन्हा नोंदला गेला, पण सहा महिने अटक कुणालाच झाली नाही. मग १ जानेवारी २०२२ रोजी तसंच दुसरं अ‍ॅप आलं, ‘बुल्ली बाई’. यात शंभराहून अधिक स्त्रिया. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या. विमान चालवणारी एक वैमानिक पहिल्या यादीत होती. दुसऱ्या यादीत दिल्लीच्या विद्यापीठातून बेपत्ता झालेल्या विद्यार्थ्याची साठी ओलांडलेली आई होती. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास हाती घेतला आणि पहिल्या अटका झाल्या. पकडली गेलेली बहुतेक मुलं विशी-पंचविशीतली होती. त्यांत इंजिनीअरिंगचे विद्यार्थी होते.

माझ्या पेशाचा माणूस म्हणून तुम्हाला एक सांगतो. ते अ‍ॅप बनवायला फार अक्कल लागत नाही. कुणाचं खातं फोडावं लागलं नाही, कुणाचा पासवर्ड चोरावा लागला नाही. त्या स्त्रियांनी आपल्या कामासाठी, आपलं म्हणणं मांडण्यासाठी ट्विटरवर आपला चेहरा ठेवला होता. तिथून फोटो उचलले आणि एका यादीत टाकले. एवढंच. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल असं काम. म्हणजे ज्याला आपण ‘हॅकिंग’ म्हणतो तसं काहीही न करता शंभर बायकांना बाजारात उभं करता आलं. कारण यंत्राच्या कप्प्यात ते फोटो ‘पब्लिक’ होते.

त्या बायकांना विचारलं गेलं, ‘फोटो टाकलाच कशाला?’ आपल्याच नातेवाइकांकडून, आपल्याच मोहल्ल्यातून हा प्रश्न आला. लिलाव मांडणाऱ्याला जे हवं होतं, ते या प्रश्नाने त्याला फुकटात मिळवून दिलं. त्या मुलांना त्या बायकांनी तोंड बंद करून घरी बसायला हवं होतं. आपण काळजीच्या सुरात तेच म्हटलं.

कायदा काय म्हणतो? पोलिसांनी त्या वेळी भारतीय दंड विधान आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांच्याखाली गुन्हे नोंदवले. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटा संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याचं तिसरं कलम प्रत्येकाने वाचावं. त्यात लिहिलंय की ज्या व्यक्तीची माहिती आहे, तिने स्वतःच ती जाहीर केलेली असेल, तर त्या माहितीला हा कायदा लागूच नाही. उदाहरणही दिलंय: स्वतःची मतं लिहिताना आपली माहिती सोशल मीडियावर उघड करणाऱ्या व्यक्तीचं. म्हणजे जी पत्रकार स्वतःच्या नावाने, स्वतःच्या चेहऱ्याने लिहिते, तिचा तो फोटो या कायद्याच्या छत्रीखाली येत नाही. विनयभंग, बदनामी, धर्मावरून द्वेष पसरवणे यांचे जुने मार्ग तिला आहेत. पण डेटाचं रक्षण करण्यासाठी खास केलेला कायदा तिला म्हणतो, बाई, तूच दार उघडं ठेवलंस.

हा यंत्राचा दोन कप्प्यांचा हिशोब कायद्यात जसाच्या तसा उतरला आहे. इंजिनीअर म्हणून मला त्याची लाज वाटते. आमच्या सोयीसाठी केलेली खूण माणसाच्या हक्काची व्याख्या होऊन बसली.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच महत्त्वाची आहे, नाहीतर खासगीपणाचा हक्क हा सत्तेतल्या लोकांना लपायचा पडदा होईल.

हजरत उमर यांच्या दोन गोष्टी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन्ही एकत्र कधी सांगितल्या जात नाहीत, म्हणून आज एकत्र सांगतो. पहिली चादरीची. सगळ्यांना कापडाचा सारखा वाटा मिळाला होता आणि उमर मिंबरवर उभे होते ते त्याच कापडाचा पायघोळ झगा घालून. एक माणूस उठला आणि म्हणाला, आधी सांगा, एका वाट्यात एवढा झगा झाला कसा? मगच तुमचं ऐकू. खलिफा रागावले नाहीत. त्यांच्या मुलाने उठून सांगितलं की मी माझा वाटा अब्बांना दिला. माणूस खाली बसला.

दुसरी गोष्ट भिंतीची. मदिनेत रात्रीच्या गस्तीवर असताना उमरना एका घरातून गाण्याबजावण्याचा आवाज आला. ते भिंत चढून आत उतरले, तर तो माणूस दारू पीत बसलेला. उमर त्याला रागावले. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केलेत. टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात, परवानगी न घेता घरात शिरलात. या तिन्ही गोष्टी कुराणाने मना केल्या आहेत. गोष्ट सांगते की उमर निरुत्तर झाले आणि परत फिरले.

इतिहासकार या गोष्टींचं काय करायचं ते करोत. मला त्यातला शहाणपणा घ्यायचा आहे. एकाच माणसाला चादरीचा हिशोब भर सभेत द्यावा लागला, आणि त्याच माणसाला दुसऱ्याच्या भिंतीवर चढण्याचा अधिकार मिळाला नाही. सार्वजनिक व्यक्तीचा खासगीपणा मोजायची याहून चांगली पट्टी मला माहीत नाही. कापड लोकांचं असेल, तर हिशोब मागा. घर त्याचं असेल, तर भिंतीवर चढू नका.

आपली न्यायालयं याच पट्टीच्या आसपास फिरताना दिसतात. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर तमिळनाडूचं ऑटो शंकर प्रकरण आलं. फाशीची शिक्षा झालेल्या या कैद्याने तुरुंगात आत्मचरित्र लिहिलं. त्यात त्याच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या संबंधांची माहिती होती. ‘नक्कीरन’ हे साप्ताहिक ते छापणार होतं आणि सरकारी यंत्रणेला ते थांबवायचं होतं. न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. प्रत्येक नागरिकाला एकटं सोडलं जाण्याचा हक्क आहे. त्याचं घर, लग्न, संसार, मुलंबाळं यांत परवानगीशिवाय शिरता येणार नाही. पण सरकारी अधिकाऱ्याच्या सरकारी कामाबद्दल लिहिलं, तर त्याला खासगीपणाची ढाल पुढे करता येणार नाही, आणि बदनामी होईल म्हणून सरकार छपाई आधीच रोखू शकत नाही.

निवडणुकीचं उदाहरण घ्या. उमेदवाराने आपले गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाहीर करावं, असं २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. संसदेने ते कायदा करून अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा २००३ मध्ये न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. इथपर्यंत हिशोब मागणाऱ्याची बाजू. मग एप्रिल २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या एका आमदाराचं प्रकरण आलं. त्याने प्रतिज्ञापत्रात काही गाड्या दाखवल्या नव्हत्या. त्या आधीच विकलेल्या किंवा भेट दिलेल्या निघाल्या. न्यायालयाने त्याची निवड कायम ठेवली आणि म्हटलं की उमेदवाराने कपडे, बूट, भांडीकुंडी, फर्निचर असं सगळं मांडत बसायची गरज नाही. ज्याचा उमेदवारीशी संबंध नाही तिथे त्यालाही खासगीपणा आहे. पण घरात महागड्या घड्याळांचा साठा असेल, तर तो दाखवावा लागेल. बघा, घड्याळ एकच. हातावरचं साधं घड्याळ खासगी, आणि पंधरा महागडी घड्याळं लोकांच्या प्रश्नाचा विषय. कारण पगाराशी त्यांचा मेळ बसत नाही.

म्हणून मला माहितीच्या अधिकाराची काळजी वाटते. जुन्या कायद्यात वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला बघावं लागायचं की तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, त्यात जनतेचं हित आहे का. २०२३ च्या डेटा कायद्याने त्या कलमातल्या या अटी काढल्या आणि ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच कारण पुरेसं ठरवलं. जनहितासाठी माहिती देता येईल, असं दुसरं एक पोटकलम अजून शिल्लक आहे, पण त्यासाठी अर्जदाराला झगडावं लागणार. एकाच कायद्याचे हे दोन हात बघा. रेशनच्या यादीतला घोळ शोधणाऱ्या कार्यकर्त्याला तो म्हणतो, ही वैयक्तिक माहिती आहे. आणि लिलावात उभ्या केलेल्या पत्रकाराला म्हणतो, ही तर सार्वजनिक माहिती आहे. चादर झाकली आणि भिंत पाडली.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण ‘हा आमचा घरचा मामला आहे’ हे वाक्य आपल्याकडे फार चालतं. जुलूम हा कुणाचाच खासगी मामला नसतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार प्रिया रमानी यांनी तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप जाहीरपणे केला. अकबर यांनी आरोप नाकारले, मंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि बदनामीचा खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमानी यांना निर्दोष सोडलं आणि म्हटलं की स्त्रीच्या सन्मानाची किंमत देऊन कुणाची अब्रू राखता येत नाही. अकबर यांनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. पण तत्त्व लक्षात ठेवा. ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी आहे, त्याने बंद खोलीत काय केलं हे सांगायचा अधिकार त्या खोलीत अडकलेल्या व्यक्तीला असतो. ती भिंतीवर चढलेली नसते. ती आतच होती.

आता शेवटचं नाव, झायरा वसीम. २०१६ च्या ‘दंगल’मधल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली काश्मीरची मुलगी. जून २०१९ च्या शेवटी तिने धर्माचं कारण सांगून सिनेमा सोडला. मग एका बाजूने तिला मागास म्हटलं, दुसऱ्या बाजूने झेंड्यासारखं मिरवलं. नोव्हेंबर २०२० मध्ये तिने चाहत्यांना विनंती केली की माझे फोटो काढून टाका, मी आयुष्याचं नवं पान सुरू करते आहे. आपल्यापैकी कुणाला तिचा निर्णय पटेल, कुणाला पटणार नाही. मला स्वतःला वाटतं की सिनेमात काम करणं आणि चांगली मुसलमान असणं यांत काही भांडण नाही. पण माझ्या मताला तिच्या फोटोवर मालकी मिळत नाही. सार्वजनिक जीवनात यायचा हक्क आहे, तसा तिथून परत जायचाही असला पाहिजे.

तांत्रिकदृष्ट्या तिची विनंती पूर्ण होणं जवळजवळ अशक्य आहे. आपण ‘डिलीट’ म्हणतो तेव्हा एका फडताळातली एक प्रत जाते. बाकीच्या प्रती दुसऱ्यांच्या फोनमध्ये, शोधयंत्रांच्या साठ्यात, स्क्रीनशॉटमध्ये राहतात. शिवाय ही माध्यमं चालतात ती लोकांच्या हालचाली मोजून. रागाने केलेली कॉमेंट आणि प्रेमाने केलेली कॉमेंट, यंत्राच्या खात्यात दोन्ही जमाच होतात. आपण निषेध म्हणून शेअर करतो आणि यंत्र समजतं, माल खपतोय. आणखी लोकांना दाखवा.

म्हणून तुम्हाला काही कामाच्या गोष्टी सांगून थांबतो.

फॉरवर्ड करण्याआधी दोन प्रश्न विचारा. यात लोकांचा पैसा, पद किंवा कुणावरची सत्ता आहे का? असेल तर खातरजमा करा आणि बिनधास्त विचारा. नेत्याला, वक्फच्या जमिनीचा कारभार बघणाऱ्याला, मदरशाच्या ट्रस्टीला, सगळ्यांना. नसेल तर दुसरा प्रश्न: हे आपण त्या माणसाच्या तोंडावर, त्याच्या आई-मुलांसमोर बोललो असतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर बोट मागे घ्या.

कुणाची मुलं मधे आणू नका. बाप कितीही वाईट नेता असो, पोरीचा फोटो हा त्याच्यावरचा युक्तिवाद होत नाही. हा नियम आपल्याला न आवडणाऱ्या पक्षाच्या नेत्याच्या मुलीलाही लागू आहे. तिथेच त्याची खरी परीक्षा होते.

एखाद्या स्त्रीवर असा हल्ला झाला, तर संतापून तिच्या फोटोचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका. ‘सुल्ली डील्स’च्या वेळी निषेध करणाऱ्यांनीही ते चेहरे गावभर केले. पुरावा तुमच्याजवळ जपा: पानाचा पत्ता, तारीख, वेळ. पोस्टची तक्रार त्या माध्यमाकडे करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार देता येते. स्त्रिया आणि मुलांबद्दलच्या गुन्ह्यांत नाव न सांगताही देता येते. आणि तिला फोन करा. ‘फोटो का टाकलास’ हे विचारायला नाही. पोलीस ठाण्यात सोबत कोण येतंय, हे सांगायला.

इथे बसलेल्या आणि उद्या सॉफ्टवेअर लिहिणार असलेल्या मुलामुलींना एक वेगळं सांगणं आहे. तुमच्यासमोर लोकांच्या फोटोंचे, पत्त्यांचे, फोन नंबरांचे ढीग येतील. ‘पब्लिकच आहे ना, उचल’ असं कुणीतरी म्हणेल. तेव्हा विचारा, हे ज्याने ठेवलं त्याने कुणासाठी ठेवलं होतं? हा प्रश्न कुठल्याही कॉलेजच्या अभ्यासक्रमात मला कुणी विचारला नव्हता. तुम्ही तो विचारा.

१८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंसोबत सात मुस्लिम स्त्रियांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व यांविरुद्धचा तो मोर्चा. त्यांना तेव्हाही खूप सोसावं लागलं असेल. पण त्यांचा चेहरा कुणी रातोरात लिलावाच्या यादीत टाकू शकत नव्हतं. आज त्या सातजणी निघाल्या, तर संध्याकाळपर्यंत त्यांचं घर, कॉलेज, जुने फोटो, भावाचा नंबर सगळं बाहेर पडलेलं असेल. आठवी मुलगी घराच्या खिडकीतून ते बघत असेल. तिने खाली उतरायचं की नाही, हे तुमच्या-माझ्या फोनवर ठरणार आहे.

आता प्रश्न विचारा.